दुपारी एक ते तीन

“अक्षर छान आहे हो तुमचं,” देवतळे साहेब म्हणाले.

साहेब जिल्ह्याहून चौकशीला आले होते. मोठे इंजिनिअर, पण वागणं साधं. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत, टेबलाच्या कडेला टेकून उभेच राहिले. त्यांच्यापुढे माझं रजिस्टर उघडं होतं. बाजूला आमचा ऑपरेटर तुळशीराम मेश्राम हात मागे बांधून उभा होता. साहेबांचं बोट ऑगस्टच्या पानावरून खाली सरकत होतं. सकाळी आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. मग ते दुपारच्या रकान्यांवर आलं. एक. दोन. तीन.

“पॉइंट चार, पॉइंट चार, पॉइंट पाच,” ते पुटपुटले. “म्हणजे इथून निघताना पाण्यात औषध पुरेसं होतं. रोज.”

“हो साहेब,” माझ्याआधी तुळशीराम बोलला.

“मग घाण वाटेतच शिरली. पाइपात.” त्यांनी रजिस्टर मिटलं. “तुम्हाला काही सांगायचं आहे, गेडाम मॅडम?”

टेबलाच्या खणात, त्यांच्या गुडघ्याला लागेल इतक्या जवळ, माझी दुसरी वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी.

“नाही साहेब,” मी म्हणाले.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात मी प्रयोगशाळा सहायक होते. नाव मोठं, काम एवढंच: दर तासाला नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात तपासणीच्या द्रावाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. नितळ राहिलं म्हणजे नाही. रंगाच्या पट्टीशी ताडून आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. सकाळी आठ ते चार माझी पाळी.

पाळीच्या अलीकडे आणि पलीकडे घर होतं. हे आदिवासी भागातल्या आश्रमशाळेत शिक्षक. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या बसनं जायचे. दोन मुली, आणि गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई. पहाटे पाचला उठले की डबे, वेण्या, सासूबाईंची अंघोळ, मग सायकल. संध्याकाळी तेच उलटं. लग्नाआधी मी हातात पडेल ते वाचत असे. लग्नानंतर नऊ वर्षांत एक पुस्तक पुरं झालं नव्हतं. एक दिवस नगर वाचनालयाच्या पायऱ्या चढले आणि वर्गणीदार झाले. घरी सांगितलं नाही.

वही त्याच आठवड्यात घेतली. वाचायला दहा-पंधरा मिनिटं मिळायची. कुठवर आलो ते दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही. म्हणून लिहायला लागले. तारीख, पुस्तक, किती वाजता ते किती वाजता, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत, आणि मनात आलेली एखादी ओळ. पुढे पुढे मला त्या वहीचीच ओढ लागली. दिवसभरात सगळ्यांचं सगळं झालं, त्यात माझं म्हणून काही झालं की नाही, ते त्या एका ओळीवरून कळायचं.

जुलैच्या शेवटी मला एक कादंबरी मिळाली. विणकरांच्या घरातल्या चार पिढ्यांची, सहाशे पानांची. तिनं मला धरलं ते सोडलं नाही. जेवणाची अर्धी सुट्टी पुरेना. एक वाजताची तपासणी करायला उठायचं तेव्हा मी घड्याळाकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, सकाळपासून पाचदा पॉइंट चार आलंय, आता काय वेगळं येणार? मग तीन वाजल्यावर एक, दोन, तीन असे तिन्ही आकडे एकदम लिहायचे. एखादा पॉइंट पाच. सगळे सारखे दिसायला नकोत म्हणून.

ऑगस्टच्या मध्यावर गावातल्या बारीपुरा या वस्तीत गॅस्ट्रोची साथ आली.

पहिल्या दिवशी अकरा लोक दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी चाळीस. व्हरांड्यात सतरंज्या टाकून सलाइन लावली. पानाचे विडे विकणारी कौतिकाबाई नावाची म्हातारी तिसऱ्या दिवशी गेली. बाकी गाव ठणठणीत, फक्त बारीपुरा आजारी. बारीपुऱ्याची टाकी आमच्याकडून दुपारी एक ते तीन या वेळेत भरत असे.

हे मला माहीत होतं. पण जे माहीत असतं ते मनापर्यंत पोचायला वेळ लागतो. तपासणीची माणसं रोज सकाळी अकराला यायची, पाणी पिवळं झालेलं बघायची आणि पाइप खणायला बारीपुऱ्यात जायची. खणताना एक ओला सांधा सापडला. गटाराजवळचा. तो सांधा महिन्यापूर्वी फिटर रज्जाक शेख यानं बसवला होता. रज्जाकला त्याच दिवशी कामावरून थांबवलं. पोलिसात तक्रार द्यायची भाषा सुरू झाली.

देवतळे साहेब यायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. बरोबर एक वाजता नळी भरली. थेंब टाकले. हलवली.

पाणी नितळ.

वाटलं, द्राव जुना झाला असेल. नवी बाटली फोडली. पुन्हा नितळ. नळी उजेडात धरली तर पलीकडचं जांभळाचं झाड स्वच्छ दिसत होतं. ती नळी माझ्या हातून निसटली आणि मोरीत पडून फुटली.

तुळशीराम पंपाच्या खोलीत बाकावर पडला होता. तोंडावर टॉवेल. मी हाक मारली तसा धडपडत उठला.

“मामा, क्लोरीन बंद आहे.”

“असं कसं होईन? सकाळी तं चालू होतं.”

आम्ही दोघं क्लोरीनच्या खोलीकडे गेलो. क्लोरीन पाण्यात ओढणारा छोटा पंप गप्प बसला होता. मोठे पंप धडधडत होते म्हणून त्याचा आवाज नाही हे कळायचं नाही. तुळशीरामनं टेस्टर लावून पाहिलं. एक फेज गेला होता, म्हणजे तीनपैकी एका तारेत वीज नव्हती. मोठ्या पंपांची लाइन वेगळी, ती शाबूत होती.

“आता?” मी विचारलं.

“आता काय, ह्याले दुसऱ्या लाइनवर घेतो.”

अर्ध्या तासात त्यानं वायर बदलली. पंप सुरू झाला. मी पुन्हा नळी भरली. पाणी पिवळं झालं. तीन वाजता गेलेला फेज आपोआप परत आला. तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. म्हणजे हे रोजचंच असणार. साडेबाराला जायचा, तीनला यायचा. आणि चारला मी खरी तपासणी करायचे तेव्हा सगळं सुरळीत असायचं.

“मॅडम,” तुळशीराम हळूच म्हणाला, “रोज एक वाजता तुमी पाहत होत्या नं?”

मी हातातल्या नळीतलं पाणी सांडून टाकलं.

“म्या बी नाई पाह्यलं,” तो म्हणाला. “झोप लागते दुपारची. वय झालं. दोन महिन्यांनी मी रिटायर होतो. आता घोर नका करू. पाणी पिवळं झालं नं? उद्यापासून लोकं बरे होतीन. कोणाले सांगायची काई गरजच नाई.”

त्याचं खरं झालं. शुक्रवारपासून नवे आजारी कमी झाले. लोक म्हणाले, सांधा बदलल्यामुळे.

त्याच शुक्रवारी दुपारी रज्जाक केंद्रावर आला. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. कपड्यांना कायम शिशाचा आणि तागाचा वास. त्याला आत यायला मनाई होती, म्हणून फाटकाबाहेर उभा राहिला. मी गेले.

“मॅडम, तुमाले एक विचारू काय?”

“विचारा.”

“तुमच्याकडून पाणी बरोबर निघत होतं नं?”

मी मान हलवली. ती कशी हलली, हो म्हणून की नाही म्हणून, मला आजही सांगता येणार नाही. त्यानं ती हो समजली.

“मंग मीच चुकलो असन,” तो म्हणाला. “त्या सांध्याले मी दोन पेंढ्या ताग भरला होता. ठोकून ठोकून शिसं ओतलं. मले पक्कं याद होतं. पण आता रोज डोक्यात येते, का त्या दिवशी घाईत होतो काय? दुसऱ्या सांध्याचं तं मले याद येत नसन? कौतिकाबाईच्या पोरानं काल माह्या दारात येऊन तोंडावर सांगतलं, तू मारली माही माय. मी त्याले काई बोललो नाई. तुमचं रजिस्टर तं खोटं बोलणार नाई.”

तो गेला. सायकलला टांग मारताना त्याचा पाय दोनदा चुकला.

त्यानंतर माझं अन्न गेलं. घास तोंडात फिरत राहायचा. धाकटीच्या वेणीला मी एका बाजूनं दोन रिबिनी बांधल्या, दुसऱ्या बाजूनं एकही नाही. शाळेतून रडत आली. फाटकाची कडी वाजली की वाटायचं, पोलीस. त्याहून वाईट म्हणजे कधी वाटायचं, रज्जाक.

हे शनिवारी आले. रविवारी सकाळी मुली शेजारी खेळायला गेल्यावर मी परसात यांच्यापुढे वही ठेवली. आधी सगळं सांगितलं, मग वही. यांनी ती हातात घेऊन चाळली. एक पान, दुसरं, दहावं.

“इतकं वाचलंस तू?” हे म्हणाले. “दोन वर्षं? आणि मला पत्ता नाही.”

“त्याचं नंतर बोला. आता काय करू ते सांगा.”

परसात बंब पेटलेला होता, सासूबाईंच्या अंघोळीचं पाणी तापत होतं.

“ही वही कोणी पाहिली आहे?”

“कोणी नाही.”

“मग बंबात टाक.”

“आणि रज्जाक?”

“त्याचं ठरायला वर्ष जाईल. साक्षी-पुरावे होतील, सुटेलही तो. तू बोललीस तर तू मात्र सुटत नाहीस.” यांनी वही मिटली. “प्रमिला, दोन पोरी आहेत आपल्याला. लोक त्यांना काय म्हणतील, याचा विचार कर.”

“तुम्हीच टाका मग.”

यांनी वही माझ्याकडे सरकवली. “नाही. तुझी आहे. तूच टाक.” आणि उठून आत गेले.

मी बंबापुढे बसले. जाळ चांगला लागला होता. पानं फाडून एकेक टाकावी, पुठ्ठा शेवटी, असं ठरवलं. मधलं एक पान उघडलं आणि फाडायच्या आधी वाचलं. सवयीनं. चौदा ऑगस्ट. पाने ३१२ ते ३७१. दुपारी १.०५ ते २.५०. खाली माझ्याच छान अक्षरात ओळ होती: “आज असं वाचलं की पाणी प्यायलाही उठावंसं वाटलं नाही.”

चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी कौतिकाबाईला पहिली उलटी झाली होती.

मी वही मिटली. लाकूड सारून जाळ बारीक केला, कारण पाणी फार कढत झालं होतं, आणि सासूबाईंना अंघोळ घातली.

सोमवारी देवतळे साहेब शेवटचे जबाब घ्यायला आले. त्यांचा कागद लिहून तयार होता. रज्जाकचं नाव मी उलटं वाचू शकत होते. तुळशीरामनं सही केली. मग कागद माझ्याकडे आला.

“साहेब, माझे दुपारचे आकडे खोटे आहेत.”

तुळशीरामनं डोळे मिटून घेतले.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “कोणत्या दिवसाचे?”

मी खण उघडला आणि निळी वही त्यांच्यापुढे ठेवली. “यात ज्या वेळी मी वाचत होते असं लिहिलंय, त्या वेळी मी पाणी तपासलेलं नाही. ज्या वेळी या वहीत काही नाही, त्या वेळचे रजिस्टरचे आकडे खरे आहेत. फक्त गेल्या बुधवारचा एकचा सोडून, तेव्हा मी पाहिलं आणि पाणी नितळ होतं.”

ते बसले. पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. डावीकडे रजिस्टर, उजवीकडे माझी वही, आणि पट्टी लावून एकेक तारीख ताडून बघायला लागले. तासभर तरी गेला असेल. मध्ये एकदाच त्यांनी वर पाहिलं.

“रजिस्टर खोटं लिहिलंत म्हणता. मग या वहीवर मी विश्वास का ठेवू?”

“ती कोणी बघणार नव्हतं, साहेब.”

त्यांनी मान खाली घातली आणि पुढचं पान उलटलं.

“एकोणतीस जुलैपर्यंत दुपारची तपासणी खरी,” शेवटी ते म्हणाले. “तेव्हा आकडा पॉइंट चार आहे. म्हणजे बिघाड त्यानंतरचा.” मी बुधवारी गेलेल्या फेजचं सांगितलं, तेव्हा त्यांनी तिथूनच वीज कार्यालयात फोन लावला. दोन ऑगस्टला एक ट्रान्सफॉर्मर जळला होता. तेव्हापासून दुपारच्या वेळी एक फेज बंद ठेवत होते. तसं पत्र नगरपरिषदेला पाठवलंही होतं. ते कुठल्या तरी टेबलावर पडून होतं. तुळशीरामला विचारलं तेव्हा त्यानं वायर बदलल्याचं कबूल केलं. बोलताना तो रडला. मला रडू आलं नाही.

“सांधा ओला होता, त्याचं काय?” मी विचारलं.

“गावातले निम्मे सांधे ओले असतात, मॅडम. म्हणून तर पाण्यात औषध घालतात.” साहेब उठले. वही त्यांनी फाइलमध्ये ठेवली. “ही आता परत मिळणार नाही.”

“नको मला,” मी म्हणाले.

मी आठ महिने निलंबित होते. नंतर दुसऱ्या गावी बदली झाली, जिथे माझ्या हातात पाण्याचं काही नव्हतं. तुळशीरामला मुदतीआधीच घरी बसवलं. पुढे तो बाजारात दिसला तर रस्ता बदलायचा. तो दोष मी त्याला देत नाही. गावातल्या पेपरात बातमी आली तेव्हा मथळ्यात कादंबरीचा उल्लेख होता, आणि मोठ्या मुलीला वर्गात पोरी ‘वाचनालय’ म्हणायला लागल्या. यांनी त्यावर मला एकदाही बोल लावला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटायचं.

कौतिकाबाईच्या घरी मी गेले होते. सुनेनं दार उघडलं, मी कोण ते ऐकून घेतलं, आणि “ठीक आहे, या आता” म्हणून दार लावून घेतलं. एवढंच. ‘या आता’ म्हणजे जा.

रज्जाकला परत कामावर घेतलं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तो आमच्या अंगणात सायकल लावून उभा राहिला. मी ओसरीवर सुपात डाळ निवडत होते. उठून उभी राहिले. त्याला बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

तो पायरीवर बसला. पेला हातात धरून त्यात बघत राहिला.

“लोकं म्हणते, मॅडमनं तुले वाचवलं,” तो म्हणाला. “जाऊन पाया पड म्हणते.”

“नका हो असं बोलू.”

“पडायले नाई आलो.” त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. “तुमाले बुधवारी समजलं. तुमी सांगतलं सोमवारी. मधातले पाच दिवस माही बायको नळावर जाऊ शकली नाई. बाया तिचा हंडा पालथा करत. अन् मी, मॅडम, मी खरंच समजून बसलो होतो का मीच मारलं तिले. शनिवारी इहिरीपर्यंत जाऊन आलो मी. काठावर बसून आलो. हे कोणाले सांगतलं नाई, बायकोलेबी नाई. तुमाले सांगतो. तुमाले माहीत पायजे.”

माझ्या हातातलं सूप तिरकं झालं आणि डाळ पायरीवर सांडली. मी ती गोळा करायला वाकले नाही. त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं नजर काढली नाही, म्हणून मीही काढली नाही.

“हो,” मी म्हणाले. “मला माहीत पाहिजे.”

समोरच्या घरी कुणीतरी बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडवत होतं. रज्जाक तो आवाज संपेपर्यंत थांबला. मग त्यानं पेला उचलला.

“उकळेल हाये नं?”

“हो.”

तो अर्धा पेला प्याला. उरलेलं पाणी तुळशीच्या बुंध्याशी ओतलं, पेला पायरीवर ठेवला आणि सायकलचं स्टँड काढलं. फाटकापाशी जाऊन थांबला. मागे वळला नाही, तिथूनच बोलला.

“उद्यापासून तुमच्या गल्लीत नवा पाइप टाकून राहिलो. दोन दिवस नळ येणार नाई. भरून ठेवा.”

तो गेल्यावर मी आत आले, आणि हंडे, कळश्या, पातेली, घरात होतं नव्हतं ते सगळं भांडं नळाखाली लावलं. मुली विचारत होत्या, आई, एवढं कशाला? मी भरतच राहिले.